उताणं पडून बघायची गंगा

बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई, आमच्या काळी असाच कायदा व्हता. पण त्यायला जाऊन आता लई वर्षं झाली, आन् मलाबी कोणाचं भ्याव उरलं न्हाई, म्हणून घेते. मन्मथप्पा. परळीचे. पडदे रंगवायचे.

पडदे म्हणजे दाराखिडकीचे न्हवं हो. गावोगाव जत्रंत नाटकं व्हायची. गावातलंच एखादं पोरगं राजा व्हायचं, एखादं मिशी काढून राणी व्हायचं. त्या नाटकाला मागं पडदा लागतो. तीन पडदे सगळ्यायला ठावं: दरबार, जंगल आन् रस्ता. राजा दरबारात, राणी जंगलात, आन् बाकीचं जे काय घडायचं ते रस्त्यावर. आमचे ह्ये तिन्ही रंगवायचे आन् भाड्यानं द्यायचे. जत्रा सरल्या की घरात रिकामे बसायचे. रिकामे हा शब्द माझ्या थोरल्या दिरांचा. ह्यायला इचारलं तर म्हणायचे, "मी इचार करायलोय."

थोरले दीर म्हणजे ईश्वरप्पा. घरात सगळे त्यायला अण्णा म्हणायचे. मोंढ्याजवळ किराणा दुकान, धोतर पांढरंफेक, कपाळाला इभूत. माणूस वाईट न्हवता, खोटं कशाला बोलू? तोलाचा पक्का, गिऱ्हाइकाला कव्हा फसवलं न्हाई. पण सारं घर त्यायच्या आवाजावर चालायचं. तो आवाज चढला की आमचे ह्ये मान खाली घालून नखातला रंग कोरीत बसायचे. मला लई राग यायचा. आरं, मोठा भाऊ हाय, वाघ हाय का?

पण मी कोणत्या तोंडानं बोलू? भावजयीनं थोरल्या दिराशी समोरून बोलायचं न्हाई. पदर पुढं वढून दाराआड उभं राह्यचं, आन् काही सांगायचंच असलं तर भिंतीला सांगायचं. मी म्हणायची, "भिंतीबाई, मीठ सपलंय." मंग अण्णा भिंतीकडं बघून म्हणायचे, "उद्या येईल." असा आमचा कारभार. लगीन झाल्यापासून त्या माणसाशी मी एक शब्द समोरून बोलले न्हवते.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली, पण सुरू झाली ती दुष्काळाच्या आधी. सावरपिंपरीचे सुंदरराव परळीला आलते. सावरपिंपरी म्हणजे दिंद्रुडच्या पलीकडं, माळावरचं गाव. हे सुंदरराव गावचे पुढारी, नाटकाचा लई नाद. आमच्या वट्यावर बसून म्हणाले, "मन्मथप्पा, नाटकात राणी गंगंत उडी टाकती, आन् मागं पडदा जंगलाचा. दरसाल राणी झुडपात उडी टाकती, लोक हसतेत. मला पुराच्या गंगेचा पडदा पाहिजे. चैताच्या जत्रंला."

गंगा म्हणजे आमची गोदावरी. झालं, ह्यायच्या डोक्यात गंगा शिरली. मांजरपाट आणला, जोडून शिवला, आन् त्याला खळ द्यायला लागले. रंग धरायला पडदे रंगवणारे सरस वापरतेत, पण सरस जनावराच्या कातड्याचा. आमच्यात ते चालत न्हाई, म्हणून ह्ये चिंचोक्याची खळ वापरायचे. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, दळायचे, आन् चुलीवर रटारटा शिजवायचे. हे सगळं करायचं कोणी? मी. आन् चिंचोके कुठले? अण्णांच्या दुकानात पोत्यानं पडलेले. पण तिथला एक मिळायचा न्हाई. "चिंचोके गिऱ्हाइकाला हायेत, चित्राला न्हाईत," म्हणायचे. म्हणून मी गल्लीत पोरींनी खेळून टाकलेले चिंचोके वेचीत फिरायची. जाऊबाई, बसम्मा, दारात उभी राहून हसायची. तिचंबी काय चुकलं म्हणा, दिसायचंच तसं.

तो दुष्काळ सांगायची गरज न्हाई. आडाला तळ दिसला, रेशनला परदेशी ज्वारीचा लाल मिलो आला, आन् त्याच्या भाकरीला भाकर म्हणावं का न्हाई असा पेच पडला. अण्णांचा धंदा बसला. एक दिवस जेवता जेवता त्यायनी ताट सरकवलं आन् ह्यायला म्हणाले, "मन्मथा, आता पुरं झालं. हा गंगेचा पडदा जत्रंत लागला, चार लोकांनी बघितला, तर मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. गुंडाळलेला परत आला, तर रंगाचे डबे उकिरड्यावर, आन् दुसऱ्या दिवशीपासून तू तराजूपाशी. कबूल?"

ह्ये म्हणाले, "कबूल."

मला कोणी इचारलं न्हाई. पण ह्ये तराजूपाशी बसले म्हणजे मी जन्मभर जावेच्या चुलीपाशी, तिनं पीठ मळ म्हणलं की मळायचं, उठ म्हणलं की उठायचं. मला माझी एक चूल पाहिजे व्हती. तीन दगडांची का असंना. आन् ह्यायच्या हातात तराजू बघायचा म्हणजे... कसं सांगू, त्या माणसाची बोटं रंगासाठीच केलती. दुकानात बसले असते, बोलून दाखवलं नसतं, पण वाळत गेले असते. म्हणून मी मनात म्हणलं, पडदा लागलाच पाहिजे, मी सोत्ता दोरी वढीन.

चैतात आमी निघालो. एका बैलाचा छकडा, बैलाचं नाव नंद्या. गाडीत पडदा गुंडाळलेला, रंगाच्या पुड्या, खळीचं भगुनं आन् मी. मी कावून? तर पडद्याच्या कडा जाग्यावर, मांडवाच्या मापानं पुऱ्या करायच्या असतेत, आन् खळ ताजी लागती. शिरसाळ्याला मुक्काम केला, आन् रविवारी दिवस कलता सावरपिंपरीला पोचलो. गावात चिटपाखरू न्हाई. दारं लावलेली, कुत्री पडलेली. ना मांडव, ना जत्रा. एका म्हातारीनं हात केला, "समदे तळ्याव हायेत."

गावाबाहेर पाझर तलावाचं काम चाललं व्हतं. दुष्काळी काम. बायामाणसं टोपल्यांनी माती वाहत व्हती, तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धुरळा उठलेला. काम गावच्या मजूर सोसायटीनं घेतलेलं, आन् सोसायटीचे चेअरमन कोण, तर आपले सुंदररावच. पांढरी टोपी धुळीनं पिवळी झालेली. आमाला बघून त्यायनी कपाळावर हात मारला.

"आरं देवा! मन्मथप्पा, निरोप मिळाला न्हाई का? जत्रा रद्द. नाटक कसलं करता? राजा तिकडं खडी फोडायलाय आन् राणीच्या हाताला फोड आलेत."

ह्ये खाली बघून नखं कोरायला लागले. मी पदराआडून म्हणलं, "आवं, त्यायला पडदा तरी दाखवा." ह्यायनी दाखवला न्हाई. म्हणाले, "मांडवाशिवाय पडदा दाखवत नसतेत." स्वाभिमान बगा, पोटात भाकर न्हाई आन् स्वाभिमान!

सुंदरराव चांगला माणूस. कोरड्या पिठाचा बंदोबस्त केला, तळ्याजवळच्या लिंबाखाली उतरा म्हणाले. ह्ये म्हणाले, "सकाळी निघतो." आन् बोलल्यावर त्यायलाच आठवलं की सकाळी सोमवार हाय. सोमवार नंदीचा. आमच्यात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवीत न्हाईत, मंग दुष्काळ असो का सुकाळ. मी जरा चिडूनच म्हणलं, "परळीला जाऊन तराजूच धरायचाय, एक दिवस उशिरा धरा." लागलं त्यायला. लागू दे म्हणलं.

तर असा तो सोमवार. गाडी जागच्या जागी. सकाळीच ऊन असं की माती पायाला चटके द्यायली. ह्ये गाडीखाली तोंड फिरवून पडले. मी लिंबाखाली बसून बघत व्हते. पाळीच्या कडंला बायांनी आपली लेकरं ठेवलेली. कोणाचं टोपलीखाली, कोणाचं फाटक्या लुगड्याच्या आडोशाला. रांगणारं असलं तर त्याचा पाय चिंधीनं खुंटीला बांधलेला, म्हणजे खड्ड्यात जाणार न्हाई. लेकरू रडलं की आई टोपलं टाकून पळत यायची आन् मुकादम वरडायचा. साखराबाई नावाची एक लेकुरवाळी व्हती, दर खेपंला मागं वळून बघायची. तिचं लेकरू लई वेळ रडलं आन् मंग गप झालं. गप का झालं म्हणून मी गेले, तर त्याच्या पापणीवर मुंग्या.

माझं डोकं फिरलं. खरं सांगते, मी काही धर्मकार्य करायला गेले न्हाई, मला निसता संताप आलता. जत्रंचा, अण्णांचा, मुकादमाचा, समद्या जगाचा. ते लेकरू उचललं, पाण्याचा हात फिरवला, लिंबाखाली आणलं. मंग दुसरं आणलं. मंग समदीच आणली. पण लिंबाला पानं कुठली? सावली म्हणजे जाळी. लेकरं उन्हात ती उन्हातच. मी गाडीत चढले, पडदा वढला, सोडला, त्याची एक बाजू लिंबाला बांधली आन् दुसरी गाडीच्या धुरांना.

ह्ये गाडीखालून बाहेर आले आन् असे वरडले, असे वरडले! जन्मात अण्णांपुढं आवाज निघाला न्हाई, तो समदा माझ्यावर निघाला. "जगदेवी! येडी झालीस का? पडदा हाय तो! उन्हानं उडंल रंग! खळ तडकंल!"

मी म्हणलं, "तडकू द्या. आता उद्या उकिरड्यावरच जायाचाय ना?"

ह्ये परत गाडीकडं वळले, चाकाला टेकून खाली बसले. दिवसभर माझ्याशी बोलले न्हाईत. मी तरी कुठं मोकळी व्हते? एकाचं नाक पूस, एकाला पाणी पाज, एकाला मांडीवर घे. दुपारी भाकर खायला बाया आल्या तर त्यायची लेकरं सावलीत झोपलेली. त्या साखराबाईनं माझ्याकडं बघितलं आन् तिथंच बसून रडायला लागली. मीबी रडले, कावून ते मला अजून सांगता यायचं न्हाई.

संध्याकाळी सुंदरराव आले. पडद्याकडं बघितलं, लेकरांकडं बघितलं, आन् टोपी काढून डोकं खाजवलं.

"बाई, एक इचारू का? लेकरं संभाळायला एक बाई ठेवा म्हणून कामावरचा साहेब दर खेपंला बोलतो. पण गावातली बाई मिळना. ह्या आळीचं लेकरू उचललं की त्या आळीला राग, त्या आळीचं उचललं की हिच्या घरात भांडण. तुमी परगावच्या, तुमी सगळ्यांचीच उचलली. काम व्हईस्तोवर राहता का? मजुरी सोसायटी देईल, खायला सरकारी सुकडी मिळंल, आन् राह्यला शाळंची मागची खोली. चूल हाय तिथं."

चूल म्हणले ते. मी ह्यांच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. म्हणलं, "राहते."

हे आमच्या ह्यायला किती झोंबलं असंल ते तुमीच समजा. पडदा रंगवायला आलेला माणूस, जत्रा रद्द, आन् नोकरी लागली कोणाला, तर बायकोला! भाकर खाताना म्हणाले, "तू राह्य. मी मंगळवारी उजाडलं की पडदा घेऊन निघतो. बायकोच्या मजुरीवर बसून खाल्लं तर लोक काय म्हणतेल?" मी म्हणलं, "माझ्या चिंचोक्यावर इतके दिस चित्रं काढली, तव्हा कोणी काय म्हणलं?" ह्यायनी हात धुतला.

मंगळवारी उजाडलं. ह्ये नंद्याला पाणी दाखवून आले, जू उचललं, आन् पडदा सोडायला लिंबापाशी गेले. पण बाया तर दिवस उगवायच्या आधीच लेकरं टाकून कामाला गेलत्या. खाली समदी झोपलेली. गाडी काढायची तर पडदा सोडायचा, पडदा सोडायचा तर लेकरं उन्हात. ह्ये दोरीला हात लावून उभे राहिले. माझ्याकडं बघितलं. मी बघायलेच न्हवते, मी सुकडी कालवायले.

म्हणाले, "उठली की सोडतो."

आता लेकरं काय हुकमानं उठतेत? एक उठायचं, दुसरं निजायचं. दुसरं उठायचं, तव्हा पहिलं पेंगायला लागायचं. ह्ये आपले जू धरून उभे, मंग बसले, मंग जू ठेवून दिलं. तेवढ्यात आमच्या नंद्यानं काय करावं? कडबा न्हाई, काही न्हाई, बैल बिचारा भुकेला. त्याला खळीचा वास लागला. पडद्याच्या कडंला ह्यायनी एक हंस काढलता, पांढरा, मान वाकडी करून. नंद्यानं जीभ काढली आन् त्या हंसाची मान साफ चाटून घेतली. मला वाटलं, आता हा माणूस बैलाला मारतो. तर ह्ये हसायला लागले. पोट धरून हसले. दुष्काळ पडल्यापासून मी त्यायला हसताना बघितलं न्हवतं. हसता हसता लेकरांच्या मधीच उताणे पडले.

आन् एकदम हसायचं थांबले. मी म्हणलं, काय झालं? तर वर बघत म्हणाले, "जगदेवी, ह्यायला काय दिसायलंय बघ. पाठ. पडद्याची निसती पाठ. डाग आन् शिवण."

मी वर बघितलं. खरंच की. गंगा समदी आभाळाकडं तोंड करून, आन् लेकरांच्या वाट्याला खळीचे डाग. मी म्हणलं, "मंग?"

"मंग काय. आतून रंगवायला लागंल."

त्या दिवशी जू पुन्हा उचललंच न्हाई. भगुनं चुलीवर चढलं. सावरपिंपरीत चिंचा व्हत्या, चिंचोके बायांनीच आणून दिले, पण रंग कालवायला पाणी कुठून आणावं? प्यायचं पाणी टँकरचं, त्याला हात लावायची मला लाज वाटली. मंग लेकरांचे हातपाय धुतलेलं पाणी मी एका डेचकीत धरून ठेवायला लागले. त्या पाण्यात ह्यायनी रंग कालवले. हात वर करून रंगवायचे, रंग तोंडावर गळायचा, मिशीतून वघळायचा. लेकरं खालून बघायची आन् खिदळायची. असे बघणारे त्यायला आधी कव्हा मिळाले न्हवते. दरबार-जंगलाला कोण बघतं हो, लोक राणीला बघतेत.

दुपारच्या भाकरीला बाया त्या पडद्याखाली यायच्या. पहिल्याच दिवशी ह्यायनी नीळ कालवून पाण्याचा एक पट्टा वढला, तर छबुबाई नावाची म्हातारी भाकर चावता चावता म्हणाली, "अप्पा, हे काय काढलंय?"

"गंगा. पूर आलेली."

"पुराचं पाणी निळं नसतंय, बाबा. माझं माहेर गंगंच्या काठचं. पूर म्हणजे तांबडा गढूळ. वास येतो त्याला मातीचा."

ह्ये म्हणाले, "मी पूर बघितलाच न्हाई, मावशे. गंगाखेडला नदी बघितली, ती उन्हाळ्यातली. टाचा भिजल्या तेवढंच."

मंग काय, बाया सुटल्या! ज्यांचं माहेर गंगंकडचं, त्या एकीवर एक सांगायल्या. पुरात कडब्याची गंजी जशीच्या तशी वाहत येती. तिच्यावर कोंबडी बसलेली असती, आन् ती कोंबडी बिलकूल वरडत न्हाई. दाराची चौकट येती, भोपळे येतेत, एकदा म्हणं कोणाचा तरी पाळणा आलता, रिकामा. साखराबाई म्हणाली, "पाळणा काढू नगा, अप्पा. कोंबडी काढा." ह्यायनी कोंबडी काढली. नीळ खरडून टाकली आन् गेरू लावला. जवळचा गेरू सपला तर गावातनं, भिंती सारवायला ठेवलेला, घरोघरचा मुठमूठ आला. एवढा तांबडा पूर त्या कोरड्या गावावर आला, आन् कोणी त्यायला म्हणलं न्हाई की प्यायला पाणी न्हाई आन् चित्रं कसली काढता. मी त्या बोलण्याचीच वाट बघत व्हते, उत्तर तयार ठिवलं व्हतं. वायाच गेलं.

शाळंमागच्या खोलीत माझी चूल पेटली. पहिल्या दिवशी मिलोची भाकर केली, तीबी तुटली, पण ती मी माझ्या मनानं तोडली. ह्ये जेवले. कोणाच्या मजुरीचं हे पुन्हा काही बोलले न्हाईत. पण मला ठावं व्हतं, अण्णांचा शब्द अजून तसाच हाय. जत्रंत पडदा लागला न्हवता. बोलावणं येणार, आन् आलं की ह्ये मान खाली घालून गाडी जुंपणार.

आन् ते बोलावणं न्हाई, अण्णाच आले. परळीत कोणीतरी जाऊन सांगितलं, मन्मथप्पाची बायको दुष्काळी कामावर लोकाची पोरं उचलायली आन् ह्यो बसून खायलाय. दिंद्रुडपर्यंत बसनं, तिथून पायी. भर दुपारचं ऊन, डोक्यावर उपरणं, धोतराचा काठ धुळीनं भरलेला. बाया पाळीवर, लेकरं समदी निजलेली, आन् ह्ये हात वर करून गंजीवरच्या कोंबडीची चोच करायले. तोंड कपाळापर्यंत तांबडंलाल.

अण्णा पडद्याबाहेर उभे राहिले आन् तोच आवाज, "मन्मथा! लाज सोडलीस का? शब्द काय दिलता? गाडी जुंप!"

ह्यायचा हात खाली आला. मान खाली गेली. नखं कोरायला लागले. बस, मला तेच बघवलं न्हाई. तेवढ्यात साखराबाईचं लेकरू दचकून उठलं आन् त्यानं जो भोंगा काढला, त्याबरोबर शेजारचं उठलं, मंग त्याच्या शेजारचं. आत्ता निजवलेली व्हती हो मी, एकेकाला थोपटून थोपटून! भिंत न्हाई, दार न्हाई, पदर कुठं गेला त्याचं मला भान न्हाई. मी उठले आन् त्यांच्या तोंडासमोर जाऊन म्हणलं,

"अण्णा, आवाज बारीक करा! लेकरं निजलीत न्हवं का?"

ह्यायनी डोळे मिटले. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. लगीन होऊन घरात आल्यापासून पहिल्यांदाच बघितलं असंल माझं तोंड. समदी लेकरं रडायलेली, मी एकटी, दोन हात. एक मी घेतलं, एक ह्यायनी घेतलं, आन् साखराबाईचं ते लेकरू मी सरळ अण्णांच्या हातात दिलं. दुसरं कोण व्हतं तिथं?

पडदा ठेंगणा बांधलेला, उभं राह्यला जागा न्हाई. अण्णा वाकले, खाली बसले. लेकरानं पांढऱ्या धोतरावर जे करायचं ते केलं. तरी त्यायनी ते खाली ठेवलं न्हाई. छातीवर घेऊन थोपटायला लागले, आन् थोपटता थोपटता मागं सरकले, मंग टेकले, मंग लेकरासकट उताणे झाले. उन्हातनं चालत आलेला माणूस, थकला असंल.

वर बघितलं त्यायनी. समदा पूर वर पसरलेला. गंजी, चौकट, भोपळे, आन् ती न वरडणारी कोंबडी. लई वेळ बघत राहिले. लेकरू त्यायच्या छातीवर निजलं, आन् थोड्या वेळानं अण्णाबी निजले. तोंड उघडं टाकून, घोरत. ह्ये माझ्याकडं बघायलेत, मी ह्यांच्याकडं. ह्यायनी कोंबडीची चोच पुरी करायचं धाडस केलं न्हाई.

ऊन उतरल्यावर जागे झाले. लेकरू माझ्याकडं दिलं, धोतर झटकलं, उपरणं बांधलं. गाडीकडं बघितलं, जू खाली पडलेलं. मला वाटलं, आता म्हणतेत. आता म्हणतेत जुंप. अण्णांनी तोंड फिरवलं आन् जुन्या सवयीनं लिंबाच्या बुंध्याला म्हणाले, "दुकानात नीळ पडून हाय. कोणी घेत न्हाई. नदीला लागत असंल तर धाडतो."

ह्ये नखाकडं बघायलेत. मी पदर सारखा केला, पण लिंबाला काही बोलले न्हाई. म्हणलं, "नीळ नको, अण्णा. पुराचं पाणी निळं नसतंय. गेरू धाडा."

अण्णा वळले. माझ्याकडं बघूनच इचारलं, "किती?"

"पोतंभर."

मान हलवली आन् चालायला लागले. पाळीपाशी एकदा थांबले, मला वाटलं काही इसरलं, पण निसता घाम पुसला आन् गेले.

आठवडी बाजाराच्या दिवशी बसच्या टपावरून गेरूचं पोतं दिंद्रुडला उतरलं. पडद्याची ती बाजू बांबूला बांधून ह्ये छकडा घेऊन गेले आन् घेऊन आले. मी पोत्याचं तोंड सोडलं तर गेरूवर एक फडक्याची पुरचुंडी, दुकानातल्या सुतळीनं बांधलेली. सोडली. आत चिंचोके व्हते, भाजून टरफल काढलेले. ते मी मागितले न्हवते.